नॉर्डिक इंडी ऐकायचं तर शहर धरा, लेबल धरा, 'मूड' सोडा

प्रश्न थोडक्यात असा: आइसलँडच्या सिगुर रोस या बँडचं एखादं गाणं कुठल्याशा व्हिडिओमागे कानावर पडलं, किंवा मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा महोत्सवात नॉर्वेची गायिका ऑरोरा ऐकली आणि जीव जडला. मग 'नॉर्डिक' नावाच्या प्लेलिस्ट लावल्या, तर तासाभरात सगळं एकसारखं वाटायला लागलं. आता काय ऐकावं, कुठल्या क्रमाने, आणि विकत घ्यायचं किंवा तिकडे जाऊन ऐकायचं झालं तर कसं?

आधी त्या प्लेलिस्टचा निकाल लावू. 'नॉर्डिक' हा संगीताचा प्रकारच नाही. आइसलँड, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड हे पाच देश, शिवाय फेरो बेटं आणि ग्रीनलंड. एवढ्या पसाऱ्यातून फक्त संथ पियानो आणि घुमणारा आवाज असलेली गाणी वेचली की ती एकसारखी लागणारच. बर्फ, धुकं, एकांत ही पर्यटन खात्यांना सोयीची प्रतिमा आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गाण्यांत उन्हाळा, ट्राम आणि प्रेमभंगाचे विनोद आहेत. कोपनहेगनच्या आइसएज बँडमध्ये ओरडणारं पंक आहे. तेव्हा मूड सोडा आणि शहर धरा. एका शहरातले बँड एकाच लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडे), एकाच तालमीच्या खोलीत, बऱ्याचदा एकमेकांच्या अल्बमवर वाजवत वाढलेले असतात. एक आवडला की पुढचे चार आपोआप सापडतात.

हे खरं का ठरतं, त्याला कारण आहे. स्वीडनमध्ये गावोगावी पालिकेच्या संगीतशाळा आहेत आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अभ्यासमंडळांकडून पोरांना तालमीची जागा, ड्रम, अँप्लिफायर अगदी कमी पैशांत मिळतात. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत; तिथे एक चेलोवादक चार बँडमध्ये असतो, कारण दुसरा चेलोवादक मिळायचाच नाही. म्हणून अल्बमची श्रेयनामावली वाचण्याची सवय लावा. कुठल्याही शिफारस-यंत्रापेक्षा ती जास्त कामाची आहे.

सुरुवात कुठून? माझं मत गोथेनबर्ग, आणि हे बहुतेकांना उलटं वाटतं. आइसलँडपासून सुरुवात केली की तोच रंग सगळीकडे शोधला जातो आणि बाकीचं बेचव लागतं. गोथेनबर्गमध्ये दार सोपं आहे: होसे गोन्झालेसचा 'व्हिनीअर' (२००३). नायलॉनच्या तारांची एक गिटार आणि एक गळा, बस्स. त्यातलं 'हार्टबीट्स' हे मुळात 'द नाइफ' या भावाबहिणीच्या जोडीचं सिंथेसायझरवरचं गाणं. २००५ मध्ये सोनी ब्राव्हियाच्या जाहिरातीत सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून अडीच लाख रंगीत चेंडू सोडले होते, त्यामागे गोन्झालेसचं रूप वाजत होतं. दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. चाल तीच, पण मूळ गाण्यात ती थंड, चकचकीत यंत्रावर उभी आहे. इथून 'द नाइफ'च्या 'सायलेंट शाउट'कडे (२००६) जा. त्यात कारिन ड्रायरचा आवाज यंत्राने खाली-वर ओढून कधी पुरुषी, कधी बालिश केलाय. एकच इशारा: त्यांचा 'शेकिंग द हॅबिच्युअल' (२०१३) पहिल्या महिन्यात लावू नका. दीड तासाहून मोठा आहे आणि मधेच जवळपास एकोणीस मिनिटांचा एक नुसता घुमारा आहे. बरेच जण तिथेच सोडून देतात.

गोथेनबर्गचा खरा मानकरी मात्र गायक येन्स लेकमन. इथे एक व्यावहारिक अडचण येते. त्याची सुरुवातीची गाणी जुन्या रेकॉर्डमधले तुकडे कापून बांधलेली होती. त्या तुकड्यांच्या हक्कांचा प्रश्न आल्यामुळे 'ओ यू आर सो सायलेंट येन्स' (२००५) आणि 'नाइट फॉल्स ओव्हर कोर्तेदाला' (२००७) हे दोन्ही अल्बम मूळ रूपात बाजारातून गेले. २०२२ मध्ये ते 'द चेरी ट्रीज आर स्टिल इन ब्लॉसम' आणि 'द लिंडन ट्रीज आर स्टिल इन ब्लॉसम' या नावांनी परत आले. काही गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित, काही बदललेली. जुन्या लेखांतली नावं शोधून काही सापडत नाही, ते यामुळे. नवी नावं टाका. मूळच हवं असेल तर जुनी सीडी धुंडाळावी लागेल. सुरुवातीला 'लिंडन ट्रीज' घ्या. कोर्तेदाला हे गोथेनबर्गचं उपनगर.

गोथेनबर्गमधूनच 'सर्व्हिस' आणि 'सिन्सिअरली युअर्स' ही दोन लेबलं. पहिल्यावर द एम्बसीचा 'टॅकिंग' (२००५), दुसऱ्यावर एअर फ्रान्सचा छोटा अल्बम 'नो वे डाउन' (२००८). सिन्सिअरली युअर्स हे द टफ अलायन्स या बँडचंच लेबल, त्यामुळे त्यांचीही गाणी याच ओघात येतात. सगळी समुद्रकाठी वाजवावीत अशी पॉप गाणी. प्लेलिस्टवाल्या धुक्याचा पत्ता नाही.

स्टॉकहोममध्ये लॅब्राडॉर हे लेबल धरा. त्यावरचा द रेडिओ डिपार्टमेंट हा मुळात लुंडचा बँड. 'लेसर मॅटर्स' (२००३) लावल्यावर पहिली तक्रार येते: फाइल खराब आहे का? नाही. खरखर, दबलेला आवाज, गिटारच्या पडद्याआड गेलेला गळा हे सगळं मुद्दाम ठेवलेलं आहे. आवाज वाढवून शब्द पकडायला गेलात तर फक्त डोकं दुखेल. मध्यम आवाजात ठेवा आणि बेसची चाल धरा. या बँडची गोडी बेसमध्ये आहे. जमलं नाही तर आधी 'क्लिंगिंग टू अ स्कीम' (२०१०) ऐका, तो जास्त स्वच्छ आहे. सोफिया कोपोलाच्या 'मारी आंत्वानेत' चित्रपटात यांची तीन गाणी आहेत.

माणूस धरून पुढे कसं जायचं, त्याचा नमुना म्हणून पीटर ब्योर्न अँड जॉनचं शिट्टीवालं 'यंग फोक्स' (२००६) घ्या. त्यातली बाई व्हिक्टोरिया बेरिस्मान, म्हणजे आधीच्या द काँक्रीट्स बँडची गायिका. नंतर तिने 'टेकन बाय ट्रीज' या नावाने 'ईस्ट ऑफ ईडन' (२००९) केला, तोही पाकिस्तानात जाऊन तिथल्या वादकांबरोबर. बँडमधला ब्योर्न इत्लिंग हा गायिका लिके लीच्या 'यूथ नॉव्हेल्स'चा (२००८) निर्माता. एका गाण्याच्या श्रेयनामावलीतून तीन अल्बम हाती लागले.

नॉर्वेत ऑस्लोआधी बॅर्गन. किंग्ज ऑफ कन्व्हीनियन्सचा 'क्वाएट इज द न्यू लाउड' (२००१) इअरफोनवर ऐका: एक गिटार नायलॉनच्या तारांची, एक पोलादी तारांची. दोन्हींच्या नादातला फरक एकदा ओळखू आला की मग कुठली कोणाला वाट देते ते कळतं, आणि संथ वाटणारं गाणं हलायला लागतं. 'डिक्लरेशन ऑफ डिपेंडन्स'मध्ये (२००९) तालवाद्यच नाही. सगळा ताल उजव्या हाताच्या बोटांतून येतो. यांतला एर्लेंड ओये हाच रॉयक्सॉपच्या 'मेलडी ए. एम.'वर (२००१) 'पुअर लेनो' आणि 'रिमाइंड मी' गातो, म्हणजे तुम्ही न ठरवता इलेक्ट्रॉनिक संगीतात शिरलात. बॅर्गनमधूनच पुढे सोंद्रे लेर्के, ऑरोरा, बॉय पाब्लो. ताजे नॉर्वेजियन बँड हवे असतील तर तिथल्या सरकारी नभोवाणीची 'उरर्त' ही सेवा बघा. अजून कुणाशी करार न झालेले बँड तिथे स्वतः गाणी चढवतात.

आता आइसलँड. इथे चुका जास्त होतात, म्हणून जरा सावकाश.

पहिली चूक यंत्राची. सिगुर रोसची गाणी कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत चढतात, आणि फोनमधली सोय तो चढच सपाट करते. स्पॉटिफायमध्ये 'व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन' एक तर बंद ठेवा किंवा 'क्वाएट'वर. 'लाउड'ला आवाजाची पातळी उणे ११ लफ्स (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) धरली जाते, 'नॉर्मल'ला उणे १४, 'क्वाएट'ला उणे १९. 'लाउड'मध्ये शिखरं छाटणारा लिमिटर लागतो आणि जिथे अंगावर काटा यायचा तिथे नुसता गोंगाट होतो. गाण्यांची टोकं एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड शून्य करा, ऑटोमिक्स बंद, गॅपलेस चालू. लोकलच्या डब्यात हे संगीत ऐकू नका. पहिली तीन मिनिटं गाडीच्या आवाजात बुडतात आणि उरलेलं अर्धवट वाटतं.

दुसरी चूक घाईची. 'स्वेफ्न-ग-एंगलार' दहा मिनिटांचं आहे. चौथ्या मिनिटाआधी मत बनवू नका. 'आगाइतिस बिर्युन' (१९९९) पूर्ण, मग 'ताक' (२००५), आणि त्यानंतरच २००२ चा तो दोन रिकाम्या कंसांचा अल्बम, '( )'. त्यात आठ गाणी, एकालाही नाव नाही; चौथ्या आणि पाचव्यामध्ये ३६ सेकंदांची शांतता. ती बिघाड नाही, पुढे सरकवू नका: आधीची चार उजळ, नंतरची चार गडद. सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी होती, ऐकणाऱ्याने स्वतः लिहावं म्हणून. या अल्बमभर बँडचा गायक योन्सी अर्थ नसलेल्या अक्षरांत गातो. तराणा ऐकलेल्या कानाला हे नवं नाही. तोम-तनन जसं फक्त सुराला टेकू देतं तसंच हे. म्हणून 'गाण्याचा अर्थ काय' हे शोधत बसू नका, तिथे काही सापडायचं नाही. बाकी अल्बममध्ये मात्र बरीचशी गाणी खऱ्या आइसलँडिक भाषेत आहेत, त्यांची भाषांतरं जरूर वाचा.

तो लांबलचक, कण्हल्यासारखा सूर सिंथेसायझरचा नाही. योन्सी इलेक्ट्रिक गिटारवर चेलोचा गज फिरवतो. व्हायोलिन-चेलोची घोडी कमानीसारखी असते, त्यामुळे गज एकेका तारेवर वेगळा टेकतो. गिटारच्या तारा जवळपास एकाच पातळीत असतात. गज एकाच वेळी दोन-तीन तारांना घासतो आणि सुरांचा झुबका उठतो. त्यावर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. घरी करून बघायचं असेल तर गजाला राळ सढळ लावा, जाड तारांपासून सुरुवात करा, आणि तारांवर साठणारी पांढरी भुकटी लगेच पुसा, नाहीतर नंतर नखीने वाजवताना तारा चिकट लागतात.

पुढची पायरी म्यूमचा 'फायनली वुई आर नो वन' (२००२): खेळण्यातल्या वाद्यांसारखे आवाज, अकॉर्डियन, बारीक इलेक्ट्रॉनिक ठोके. म्यूमबरोबर चेलो वाजवणारी हिल्दुर ग्वुदनादोत्तिर हिने पुढे 'जोकर' चित्रपटाच्या संगीतासाठी २०२० मध्ये ऑस्कर घेतलं. आउसगेइर या गायकाने पहिला अल्बम २०१२ मध्ये आइसलँडिकमध्ये आणि पुढच्या वर्षी 'इन द सायलेन्स' नावाने इंग्रजीत काढला. इंग्रजी शब्द जॉन ग्रँटच्या मदतीने बसवले. दोन्ही लागोपाठ ऐका. आइसलँडिकमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. इंग्रजीत तो सरकतो आणि तीच चाल जरा मऊ होते. माझी पसंती आइसलँडिक.

नवं काय येतंय ते कळायला एकच जागा पुरे: 'म्युसिकतिलरायनिर' ही १९८२ पासूनची तरुण बँडची स्पर्धा. २००४ ला मामूत, २०१० ला ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन, २०११ ला सामारिस, २०१३ ला व्होक. दर वर्षीचा विजेता ऐकला तरी आइसलँडशी संपर्क सुटत नाही.

डेन्मार्कात दोन अल्बम आधी. म्यूचा (हा वेगळा, आइसलँडच्या म्यूमशी संबंध नाही) 'अँड द ग्लास हँडेड काइट्स' (२००५) अखंड एका धाग्यात वाजतो. शफल चालू असेल तर गाणी मध्येच कापल्यासारखी वाटतात. दुसरा एफ्टरक्लँगचा 'पिरामिडा' (२०१२). उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावर पिरामिडेन नावाची सोव्हिएत काळातली खाणवस्ती १९९८ पासून ओस पडली आहे. बँडने तिथे नऊ दिवस राहून टाक्या, पाइप, रिकामी सभागृहं वाजवून हजारावर आवाज टिपले आणि त्यांतून हा अल्बम बांधला. 'हॉलो माउंटन'ची सुरुवात लक्ष देऊन ऐका. ते वाद्य नाही, धातू आहे. सध्याच्या कोपनहेगनसाठी एम एल बूकचा 'सनटब' (२०२३).

फिनलंड शेवटी ठेवा. वाईट म्हणून नव्हे, तर कान तयार असलेला बरा म्हणून. फोनाल लेबलवरचा पावोहार्युचा 'युहा हामारा' (२००५), मग इस्लाया, लाऊ नाऊ. पियानो, कॅसेटची खरखर, दुरून येणारं गाणं. इंग्रजीत हवं असेल तर मिरेल वाग्नर: फक्त गिटार आणि आवाज, आणि नॉर्डिक संगीत पुरस्कार २०१४ चा.

शोधताना होणारे घोळ. अक्षरांवरची टिंबं आणि तिरक्या रेघा सोडून साधी रोमन अक्षरं टाइप केली तरी बहुतेक ठिकाणी चालतं. खरा त्रास नावांचा: 'म्यूम' टाकलं तर आईवरची गाणी येतात, 'एअर फ्रान्स' टाकलं तर विमान कंपनी, 'म्यू' टाकलं तर पोकेमॉन. अशा वेळी बँडऐवजी अल्बमचं नाव टाका. आइसलँडिक कलाकार पहिल्या नावाने शोधा. तिथे दुसरं नाव बहुधा आडनाव नसून 'अमक्याची मुलगी', 'तमक्याचा मुलगा' असं असतं.

विकत घ्यायचं तर बँडकॅम्प. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, रेकॉर्ड आणि टी-शर्टवर १०. जाहीर केलेल्या 'बँडकॅम्प शुक्रवारी' तो वाटाही सोडतात. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहे का ते बघा. आपल्याकडची कार्डं बऱ्याचदा तो बंद ठेवूनच येतात. फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवणारी) उतरवून घ्या. विनाइल एक-एक मागवू नका: टपाल आणि सीमाशुल्क मिळून रेकॉर्डच्या किमतीच्या वर जाऊ शकतं. एकाच लेबलकडून तीन-चार एकत्र घेतल्या तर टपाल विभागलं जातं.

भारतात बसून थेट ऐकण्याचे योग कमी, पण येतात. होसे गोन्झालेस २०१६ मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर महोत्सवात वाजवून गेला. नभोवाणी किंवा थेट प्रक्षेपण ऐकायचं तर वेळेचं गणित असं: आइसलँड वर्षभर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तिथे घड्याळं बदलत नाहीत. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. फिनलंड त्याहून एक तास जवळ.

तिकडे जायचं तर महोत्सव बघून जा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रेक्याविकचा 'आइसलँड एअरवेव्ह्ज': १९९९ मध्ये विमानाच्या हँगरमध्ये सुरू झाला, आता मध्यवस्तीतल्या बारमध्ये, सभागृहांत, चर्चमध्ये. लहान जागा लवकर भरतात, म्हणून आवडत्या बँडच्या आधीचा कार्यक्रमही तिथेच बसून ऐका. मोठ्या प्रमाणात हवं तर जून-जुलैच्या सांध्यावरचा डेन्मार्कचा रॉस्किल्डे, १९७१ पासूनचा. तो आठ दिवसांचा. पहिल्या काही दिवसांत मुख्य मंच बंद असतो आणि छोट्या मंचांवर नवे नॉर्डिक बँड वाजवतात. लोक तेव्हा तंबूत झोपा काढतात, इंडीवाल्यांनी तेच दिवस साधावेत. ऑगस्टमध्ये ऑस्लोचा ओया, गोथेनबर्गचा वे आउट वेस्ट आणि हेलसिंकीचा फ्लो. वे आउट वेस्टमध्ये २०१२ पासून मांसाहार मिळत नाही, शाकाहाऱ्यांची चंगळ.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी तरी हवाच. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. नॉर्वे आणि आइसलँड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहेत. पण फेरो बेटांवर जुलैत होणाऱ्या 'गे!' महोत्सवाला जायचं असेल तर सावध: फेरो आणि ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात असूनही शेंगेनच्या बाहेर आहेत. नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. अर्ज करतानाच फेरोचा उल्लेख करून त्या बेटांसाठी वैध अशी नोंद व्हिसावर घ्यावी लागते. ती नसेल तर विमानाचं तिकीट काढू नका.